पैठणला सहल आणताय ना? मग पोरांना चालवा!

दिवाळीची सुट्टी संपली की पैठणात सहलीच्या एसटी दिसायला लागतात. बहुतेकांचा कार्यक्रम ठरलेला. सकाळी वेरूळ, मग देवगिरी किल्ला, मकबरा आणि उन्हं कलताना पैठण. नाथांच्या समाधीचं दर्शन, धरणापुढे ग्रुप फोटो, चला बसा गाडीत. सगळं मिळून दीड तास!

गुरुजींना दोष देत नाही मी. पन्नास पोरं दर थांब्याला मोजायची म्हणजे जीव टांगणीला असतो. पालकांनाही वाटतं, पैसे भरलेत तर चार ठिकाणं जास्त दाखवा. पण ऊसतोडीला किंवा कापूस वेचायला जाणाऱ्या आईने साठवून दिलेले ते पैसे असतात. काही पोरांची शाळेतली ही एकच सहल. ती खिडकीतूनच बघून संपवायची?

पुस्तकात पोरं वाचतात, सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान. तेच हे गाव, हे इथे उभं राहून त्यांना कुणी सांगतं का? सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक पुस्तकात पैठणचं नाव आहे. इथून मौल्यवान दगड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जायचे, वीस दिवसांची वाट. पुढे जहाजाने पार रोमच्या बाजारापर्यंत. सहावीतल्या पोराला हे नागघाटावर बसवून सांगा, बघा डोळे कसे मोठे होतात. सातवाहनकालीन वस्तू ठेवलेलं बाळासाहेब पाटील संग्रहालयही इथलंच. सहलीच्या यादीत ते क्वचितच असतं.

नाथांनी तापल्या वाळूत रडणाऱ्या पोराला जात न विचारता कडेवर घेतलं, ही गोष्ट आपण बसमधल्या माइकवर उरकतो. अहो, गोदावरी समोर आहे! तिथे सांगा.

पैठणीचंही तसंच. दुकानात नेऊन भाव विचारण्यापेक्षा मागापाशी दहा मिनिटं उभं करा. पदरावरचा मोर धाग्याधाग्याने कसा उतरतो आणि खऱ्या हातमागाच्या पैठणीची उलटी बाजूही सुलटीसारखीच का दिसते, हे विणणाराच दाखवेल. एका साडीला महिने लागतात, हे कळलं की किमतीचा अर्थही कळतो.

आणि धरण. १९६५ मध्ये शास्त्रीजींनी पायाभरणी केली, १९७६ मध्ये इंदिराजींनी उद्घाटन केलं, २७ दरवाजे आहेत... एवढं सांगून थांबू नका. नाथसागराच्या पाण्याखाली शंभरावर गावं गेली, हेही सांगा. फोटोत ती दिसत नाहीत.

एक बोलायची चोरी असलेली गोष्ट. लांबच्या सहलीत कित्येक मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत, कारण धड स्वच्छतागृह कुठे सापडेल याचा भरवसा नसतो. ठिकाणं वाढवली की हे हाल वाढतात. गाव म्हणून आपणही इथे कमी पडतो. घाटाजवळ, समाधीजवळ पोरींसाठी स्वच्छ, पाणी असलेली, कुलूप नसलेली सोय नगरपरिषदेने सहलींच्या दिवसांत तरी ठेवलीच पाहिजे.

शाळांना एवढंच म्हणणं आहे, यादीतली दोन नावं खोडा आणि पैठणला पूर्ण दिवस द्या. सकाळी घाट आणि नाथांचा वाडा, मग संग्रहालय, डबे खाऊन माग, संध्याकाळी धरण. मधलं गाव पायी. इथल्या शाळांतली आठवी-नववीची पोरं सोबत वाट दाखवायला आली तर आणखी मजा, त्यांनाही आपलं गाव दुसऱ्याला सांगता येईल. कुणी मुख्याध्यापक तयार असतील तर कमेंटमध्ये लिहा. डिसेंबरच्या तारखा आत्ताच ठरतायत.