दिल्लीच्या उन्हात चारशे वॉट

हौशी रेडिओचा छंद जडलेल्या तरुणाच्या मनात एक दिवस ही इच्छा हटकून येते, की आपल्या प्रक्षेपकाची शंभर वॉट शक्ती आता पुरत नाही, ती हजार वॉट झाली पाहिजे. इच्छा दोषास्पद नाही. परंतु ती पुरी करण्यासाठी एखाद्या परदेशी मासिकातील आराखडा जसाच्या तसा उचलून दिल्ली, गुरुग्राम किंवा नोएडा येथील गच्चीवरच्या खोलीत उभा करणे आम्हांस शहाणपणाचे वाटत नाही. आमचे मत प्रथमच स्पष्ट सांगून टाकतो. दिल्लीतील हौशी माणसाने हजार वॉटांचा ट्रँझिस्टर अवश्य घ्यावा, मात्र त्याच्याकडून काम चारशे वॉटांचेच घ्यावे. आणि हा विवर्धक त्याने विकत न आणता स्वतः बांधावा.

विवर्धक म्हणजे प्रक्षेपकातून निघालेला रेडिओ-संकेत अनेक पटींनी वाढवून एरियलकडे पाठविणारे यंत्र. पूर्वी हे काम मोठ्या निर्वात नळ्या करीत व त्यांना दोन-तीन हजार व्होल्टांचा दाब लागे. आता तेच काम बोटभर लांबीचा सिलिकॉनचा ट्रँझिस्टर पन्नास व्होल्टांवर करतो. अशा यंत्रास घनावस्था विवर्धक म्हणतात. नभोवाणीचे प्रक्षेपक आणि कणत्वरक हेही आज त्याच्यावर चालतात. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राने इंडस-२ या यंत्रासाठी ५०५.८ मेगाहर्ट्‌झ कंप्रतेचे जे विवर्धक घडविले, ते असेच अनेक लहान विभाग एकत्र जोडून केलेले आहेत. तेथे एकाच ट्रँझिस्टरला पिळून काढलेले नाही, ही गोष्ट हौशी माणसाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

चारशे हा आकडा आम्ही मनाने निवडलेला नाही. भारतातील हौशी रेडिओसेवेच्या १९७८ च्या नियमांनी सर्वांत वरच्या श्रेणीच्या परवान्यास हीच कमाल मर्यादा घालून दिली. अमेरिकेत ती १,५०० वॉट आहे, म्हणून आपल्याकडील पुष्कळांना आपल्यावर अन्याय झाल्यासारखे वाटते. या तक्रारीत फारसा अर्थ नाही. ऐकणाऱ्याच्या ग्राहकावर संकेताचे बळ दाखविणारा जो मापक असतो, त्याचा काटा एक अंक पुढे सरकण्यास शक्ती चौपट व्हावी लागते. शंभराचे चारशे वॉट केले की काटा बरोबर एक अंक चढतो. चारशेचे हजार केले तर तो पुढच्या अंकापर्यंतही पोहोचत नाही, दोन-तृतीयांश वाट चालून थांबतो. या दोन-तृतीयांश अंकासाठी किती किंमत मोजावी लागते ते आता पाहू, कारण ती किंमत लंडनमध्ये एक आणि दिल्लीत दुसरीच आहे.

समजा, विवर्धकाची कार्यक्षमता शेकडा साठ आहे. एरियलकडे हजार वॉट पाठवावयाचे तर वीजपुरवठ्यातून सुमारे १,६६७ वॉट घ्यावे लागतील, आणि मधले ६६७ वॉट उष्णता होऊन ट्रँझिस्टरमध्येच प्रकट होतील. एवढी उष्णता नखाएवढ्या सिलिकॉनमधून बाहेर काढावयाची असते. सिलिकॉनपासून धातूच्या बैठकीपर्यंत प्रत्येक वॉटामागे ०.१ अंश तापमान चढते असे धरू, आणि बैठकीपासून तांब्याच्या पट्टीतून व ॲल्युमिनियमच्या हीटसिंकमधून बाहेरच्या हवेपर्यंत आणखी ०.२ अंश. चांगला पंखा लावलेल्या घरगुती बांधणीत याहून फार अधिक साधत नाही. एकूण ०.३ अंश. ६६७ वॉटांना ही चढण २०० अंशांची झाली. बाहेरची हवा १० अंश असेल तर सिलिकॉन २१० अंशांवर राहील. या जातीच्या ट्रँझिस्टरांना उत्पादक साधारणतः २२५ अंशांची मर्यादा सांगतात, म्हणजे थंड देशातला आपला मित्र कसाबसा सुखरूप सुटतो. जून महिन्यात दिल्लीची हवा ४५ अंशांवर जाते. तेथे तोच आराखडा, तोच ट्रँझिस्टर आणि तोच पंखा २४५ अंश दाखवील. ट्रँझिस्टर जळेल. त्यात कारागिराच्या हाताचा दोष नसेल, आराखड्यात गृहीत धरलेल्या हवेचा असेल. नागपूर, चंद्रपूर किंवा जळगावच्या वाचकास हे निराळे सांगावयास नको.

हेच गणित चारशे वॉटांसाठी करावे. उष्णता २६७ वॉट, चढण ८० अंश, आणि ४५ अंशांच्या हवेत सिलिकॉन १२५ अंशांवर. मर्यादेच्या खाली शंभर अंशांची मोकळीक राहिली. दिल्लीत ही मोकळीक चैन नव्हे. मे महिन्यात आंधी येते आणि एका दुपारी हीटसिंकच्या पात्यांमध्ये बारीक पिवळी धूळ गच्च बसते. धुळीमुळे हवेपर्यंतची वाट ०.२ ऐवजी ०.३ अंशांची झाली, तरी आपला विवर्धक दीडशेच्या आसपास राहतो.

यावर कोणी म्हणेल की बोलताना शक्ती सतत पूर्ण नसते, आवाजाबरोबर चढउतार होते, म्हणून सरासरी उष्णता पुष्कळ कमी भरते. आक्षेप खरा आहे. पण आजचा हौशी माणूस केवळ बोलत नाही. संगणकामार्फत जे संदेश पाठविले जातात त्यांत प्रक्षेपक कित्येक सेकंद सलग पूर्ण शक्तीने चालतो. शिवाय संकटकाळी एकामागून एक निरोप द्यावयाचे असतात, तेव्हा यंत्राला विश्रांती देण्याची सवड कोणास असणार?

चारशे वॉटांच्या बाजूने आणखी एक सुंदर योगायोग आहे. दोन अंगांनी आळीपाळीने काम करणाऱ्या विवर्धकाला किती ओहमांचा भार दाखवावा, हे दाबाच्या वर्गाची दुप्पट करून तिला शक्तीने भागल्यास कळते. पन्नास व्होल्टांचा वर्ग २,५००, त्याची दुप्पट ५,०००, भागिले ४००, म्हणजे साडेबारा ओहम. एरियलची तार पन्नास ओहमांची. प्रमाण बरोबर एकास चार, आणि एकास चार प्रमाणाचे फेराइटवरील रोहित्र हे बांधावयास अत्यंत सोपे. हजार वॉटांसाठी भार पाच ओहमांचा करावा लागतो. तेथे एकास नऊ प्रमाणाचे रोहित्र लागते आणि जोडणीतील अर्ध्या इंचाची तारही गणितात मोजावी लागते.

नवशिक्यांचे ट्रँझिस्टर पुष्कळदा उष्णतेने नव्हे, तर अतिउत्साहाने मरतात. या ट्रँझिस्टरची वाढ शंभरपट धरली तरी त्यास चारच वॉट द्यावयाचे असतात, आणि बाजारातील प्रक्षेपक शंभर वॉट देतो. प्रक्षेपकाची खुंटी फिरवून चार वॉटांवर ठेवू, असे म्हणून चालत नाही. कित्येक प्रक्षेपक बटण दाबताच पहिल्या क्षणी पूर्ण शक्तीचा झटका देऊन जातात. म्हणून मध्ये रोधकांचे असे जाळे कायमचे बसवावे, की शंभरांतील शहाण्णव वॉट तेथेच जिरावेत. हा अपव्यय दिसतो, पण तो स्वस्त आहे.

दिल्लीच्या माणसावर एक जबाबदारी विशेष आहे. कोणताही विवर्धक मूळ कंप्रतेबरोबर तिच्या दुप्पट, तिप्पट, पाचपट कंप्रतेचे तरंगही थोडेफार निर्माण करतो. हौशी लोकांना दिलेल्या पट्ट्यांपैकी एक २४.९ मेगाहर्ट्‌झच्या जवळ आहे. तिची पाचपट करून पाहावी. १२४.५ मेगाहर्ट्‌झ! विमाने व विमानतळ यांचे संभाषण ११८ ते १३७ मेगाहर्ट्‌झच्या दरम्यान चालते आणि पालमचा विमानतळ द्वारकेच्या गच्चीवरून दिसतो. म्हणून प्रत्येक पट्टीसाठी तारेची वेटोळी व धारित्रे यांची गाळणी बसविल्याखेरीज विवर्धक एरियलला जोडू नये. गाळणी नसलेला चारशे वॉटांचा विवर्धक आम्ही अपुरा समजत नाही, अपराध समजतो.

सामान मिळविणे दिल्लीत कठीण नाही. लाल किल्ल्यासमोरच्या लाजपतराय मार्केटात तारा, जोडण्या, पंखे मिळतात. दूरध्वनी केंद्रांतून काढून टाकलेले अठ्ठेचाळीस व्होल्टांचे वीजपुरवठे या कामास उत्तम. मायापुरीच्या भंगारबाजारात तांब्याच्या पट्ट्या व हीटसिंक वजनावर मिळू शकतात. मात्र तेथे डोळे उघडे ठेवून जावे. २०१० मध्ये याच बाजारात भंगारात आलेल्या कोबाल्ट-६० मुळे माणसे भाजली आणि एक मृत्यूही झाला. जुन्या पद्धतीच्या कित्येक शक्ति-ट्रँझिस्टरांच्या पांढऱ्या बैठकीत बेरिलियम ऑक्साइड असते. त्याची पूड श्वासात जाणे फुप्फुसांना घातक असते. असा ट्रँझिस्टर जळाला तरी कुतूहलापोटी फोडू अगर घासू नये.

मग हा खटाटोप कशासाठी, तयार यंत्र का घेऊ नये? २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीची लाट आली तेव्हा हौशी रेडिओचे एक पथक भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली पोर्ट ब्लेअर येथे आधीच पोहोचलेले होते. ते तेथे छंदासाठी गेले होते. दूरध्वनी बंद पडल्यावर त्यांच्याच रेडिओवरून अंदमानची खबर मुख्य भूमीवर येऊ लागली. अशा वेळी यंत्र बिघडले तर दुरुस्तीचे दुकान उघडे नसते. ज्याने प्रत्येक जोडणी स्वतः डाख दिलेली असते, तोच ते उघडून पुन्हा चालू करू शकतो. वीज गेली तरी आपला विवर्धक अडत नाही. दिल्लीत घरोघरी इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या आहेत. बारा व्होल्टांच्या चार ओळीने जोडल्या की पन्नासच्या आसपास व्होल्ट होतात, आणि चारशे वॉटांना त्यांतून तेरा-चौदा अँपिअरच लागतात. हजार वॉटवाला तेहेतीस मागेल.

भारतीय हौशी रेडिओ मंडळ १९४८ मध्ये महू येथे स्थापन झाले आणि पुढे दिल्लीस आले. या शहरात जाणत्यांची उणीव नाही. पाच-सहा विद्यार्थ्यांनी मिळून एखाद्या परवानाधारक वडीलधाऱ्याच्या देखरेखीखाली एक विवर्धक बांधावा, हे आम्हांस पाच-सहा जणांनी पाच-सहा यंत्रे विकत घेण्याहून बरे वाटते. हात सांभाळावेत. दाब पन्नास व्होल्टांचाच असला तरी एरियलच्या टोकाला चारशे वॉटांचा शिखरदाब दोनशे व्होल्ट होतो, आणि रेडिओ-प्रवाहाने झालेली जखम खोल असते.

यंत्र पुरे झाल्यावर ते लगेच एरियलला जोडू नये. पन्नास ओहमांचा, शक्ती जिरविणारा रोधक-भार जोडावा, हीटसिंकवर तापमापक बांधावा, आणि जून महिन्यात दुपारी तीन वाजता, खोलीतील कूलर बंद करून, दहा मिनिटे पूर्ण शक्तीने चालवून पाहावे.