विद्यापीठाचा कचरा आणि तो वेचणाऱ्या बाया

१९९० साली पुण्यात एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या निरंतर व प्रौढ शिक्षण विभागाने कचरा वेचणाऱ्या मुलांना शिकवायचं काम हाती घेतलं. मुलं वर्गात टिकेनात, कारण पहाटेपासून ती आयांबरोबर कुंड्यांवर असत. मग लक्ष्मी नारायण, पूर्णिमा चिकरमाने आणि त्यांचे सहकारी त्या बायांबरोबर फेरीला निघाले. एक गोष्ट त्यांना तिथे दिसली. कुंडीत वाकून, खरकट्यात हात घालून वेचलेल्या ओल्या कागदाला भंगारवाला भाव पाडून देतो. तोच कागद घरातून कोरडा मिळाला तर पैसे जास्त मिळतात, वेळ कमी लागतो आणि हात कापत नाहीत. मुलाला शाळेत पाठवायला आईला तेवढी उसंत मिळते. मग विभागाने घरोघरी ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवायची विनंती सुरू केली.

हे घडलं ते विद्यापीठ महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली शिक्षणाची दारं बंद असलेल्या स्त्रियांसाठी उभं केलं होतं. पाऊणशे वर्षांनी त्याच संस्थेतल्या प्राध्यापिका कुंडीवरच्या बाईपर्यंत गेल्या, याला आम्ही योगायोग मानत नाही. संस्थेचा पाया कोणासाठी घातला गेला याचं भान राहिलं की अशी पावलं पडतात.

पुढचा इतिहास पुणेकरांना ठाऊक असायला हवा. घरोघरचा वेगळा केलेला कचरा पाहून एका उद्योजकाने गाडी आणली, तेव्हा बायांनी ती अडवली. १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. नव्वदच्या दशकातच पुणे महापालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रं या बायांच्या हाती आली. कालपर्यंत ज्यांना चोर म्हणून हटकलं जाई, त्यांच्याकडे दाखवायला कागद आला. या श्रमातून महापालिकेचा किती खर्च वाचतो याचा हिशेब अभ्यासातून मांडला गेला आणि त्या आधारावर वैद्यकीय विम्याची मागणी मान्य झाली. २००८ मध्ये ‘स्वच्छ’ या वेचकांच्याच सहकारी संस्थेने महापालिकेशी करार केला. वर्गीकरणाचा आग्रह धरणारे देशाचे घनकचरा नियम २००० सालचे, म्हणजे त्या विनंतीनंतर दहा वर्षांनी आलेले.

आज विद्यापीठांत कचऱ्याची चर्चा होते ती बहुधा यंत्राची आणि अहवालाची. २०१६च्या नियमांनी पाच हजार चौरस मीटरहून मोठ्या संस्थांवर वर्गीकरणाची जबाबदारी टाकली आणि ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं. नॅकच्या मूल्यांकनातही कचरा व्यवस्थापनाविषयी विचारणा होते. हे आवश्यकच आहे. तंत्रज्ञानही घरचंच आहे. महर्षी कर्व्यांचे नातू डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने स्वयंपाकघरातल्या उरल्यासुरल्या अन्नावर चालणारं छोटं बायोगॅस संयंत्र तयार केलं आणि २००६ साली त्याला ॲश्डेन पुरस्कार मिळाला. त्यामागचा विचार सरळ आहे. शेणातलं बरंचसं सत्त्व जनावराने आधीच घेतलेलं असतं, जीवाणूंना थेट अन्न दिलं तर थोडक्या मालातून भरपूर गॅस मिळतो. वसतिगृहाच्या मेसला याहून सोयीचं काय असेल? पण त्यात रोज निवडलेलं अन्न घालणारा, चमचे आणि प्लास्टिकच्या पिशव्या बाजूला काढणारा माणूस लागतो. तो कंत्राटावरचा, किमान वेतनासाठी झगडणारा असेल, तर संयंत्र किती दिवस चालेल हे सांगायला तज्ज्ञ नको.

कचरा कमी करण्याची गोष्ट तर त्याच्याही आधीची, खरेदीच्या टेबलावरची. कँटीनमधला काचेचा ग्लास जाऊन कागदी कप आला. त्या कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणून रद्दीवालाही तो सहसा घेत नाही. ग्लास विसळणाऱ्या माणसाचा पगार वाचला आणि त्याचा भार कचरा उचलणाऱ्या बाईच्या डोक्यावर गेला. कँटीनचं टेंडर काढणाऱ्या समितीने हा हिशेब मांडायलाच हवा.

मुलींच्या वसतिगृहांचा प्रश्न आणखी नाजूक आहे आणि म्हणूनच टाळला जातो. वापरलेले सॅनिटरी पॅड उघडेच टाकले की ते उघड्या हातांनी निवडावे लागतात. ‘स्वच्छ’च्या बायांनी ते कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायची विनंती केली. २०१३ साली तर वापरलेले पॅड त्यांनी थेट उत्पादक कंपन्यांकडे परत पाठवले. २०१६च्या नियमांत उत्पादकांनी गुंडाळण्यासाठी पिशवी देण्याची तरतूद आली. ती किती पाळली जाते हे विचारण्याचं बळ एकेकट्या बाईपेक्षा हजारो विद्यार्थिनी असलेल्या विद्यापीठात कितीतरी अधिक आहे.

म्हणून आमचं म्हणणं असं: प्रत्येक विद्यापीठाच्या पर्यावरण समितीवर आवारातला कचरा उचलणाऱ्या कामगारांचा प्रतिनिधी असावा, आणि कँटीन, मेस व साफसफाईची टेंडरं त्याचं मत घेतल्याशिवाय निघू नयेत. सुक्या मालाचा भाव कामगारांना मिळेल, अशी अट त्या टेंडरांत असावी. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही, व्यवस्थापन परिषदेचा एक ठराव पुरे.