सतार नसलेला ‘इंडिया’

जॅझचा विषय निघाला की आपल्याकडे कुणीतरी एक वाक्य हमखास टाकतंच, "अरे, ते लोक सगळं आपल्याकडूनच शिकले!" आणि पुरावा म्हणून सतार-तबला असलेलं एखादं रेकॉर्डिंग लावतं. मला हे फार खटकतं. प्रभाव आहेच, तो नाकारायचं काही कारण नाही. पण आपण तो भलत्याच जागी शोधतो, असं माझं प्रामाणिक मत आहे.

जॉन कोलट्रेनचंच उदाहरण घ्या. १९५९ मध्ये या सॅक्सोफोनवाल्याने 'जायंट स्टेप्स' रेकॉर्ड केलं. त्यात कित्येक ठिकाणी दोन-दोन मात्रांत कॉर्ड बदलते, ऐकणाऱ्यालाच धाप लागावी! आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबात हाच माणूस 'इंडिया' नावाची रचना वाजवतो, ती जवळजवळ एकाच सुरावर उभी. 'इम्प्रेशन्स' या अल्बमवर तिचं जे रेकॉर्डिंग आहे ते जरूर ऐका. सतार नाही, तबला नाही. दोन डबल बास तळाशी षड्ज धरल्यासारखे घुमत राहतात, आणि वर कोलट्रेनचा सोप्रानो सॅक्सोफोन आणि एरिक डॉल्फीचा बास क्लॅरिनेट.

याला कुणी राग म्हणालं तर मी भांडेन. पकड नाही, वादी-संवादी नाही, समेवर येण्याची ती ओढही नाही. पण तंबोरे जुळले की जी स्वस्थता येते ना, कुठे पोचायची घाई नाही, आहोत तिथेच खोल उतरायचंय, ती तिथे आहे. ख्यालाची बढत ऐकत वाढलेल्या कानाला ती लगेच ओळखू येते.

अर्थात सगळं श्रेय आपलं नाही. माईल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' १९५९ चाच, त्यात कोलट्रेन होता, आणि मोजक्या सुरावलींवर रेंगाळायची वाट तिथे आधीच मोकळी झाली होती. शिवाय कोलट्रेनला आफ्रिकेच्या संगीताचीही तेवढीच ओढ होती. म्हणजे ही मंडळी आपल्या पायांनी चालत दारापर्यंत आली होती. आत घर केवढं मोठं आहे, ते आपल्या संगीताने दाखवलं. हे काय कमी आहे? कोलट्रेनने मुलाचं नाव रवी ठेवलं, ते पंडित रविशंकरांवरून. त्यांच्याकडे नीट बसून शिकायचंही त्याच्या मनात होतं, पण १९६७ मध्ये अवघ्या ४० व्या वर्षी तो गेला.

जे त्याचं राहून गेलं ते दुसऱ्या एका जॉनने केलं. मॅक्लॉफ्लिन हा इंग्लिश गिटारवादक डॉ. एस. रामनाथन यांच्याकडे वीणा शिकला. सतारीला तरफा असतात तशा जादा तारा त्याने गिटारला बसवून घेतल्या. मग १९७५ च्या सुमारास झाकीर हुसेन, एल. शंकर आणि विक्कू विनायकराम यांच्याबरोबर 'शक्ती'. तिथे कुणी कुणाला चवीपुरतं घेतलेलं नाही, सगळे पंगतीला मांडी घालून बसलेत. म्हणून मला ते जास्त आवडतं.

असो. माझा मुद्दा एवढाच की "सगळं आपलंच" म्हटलं की ऐकणं थांबतं. त्यांचंही आणि आपलंही. असं म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी अलीकडे एखादा विलंबित ख्याल शेवटपर्यंत, मधे उठून न जाता ऐकलाय? ज्या स्वस्थपणाच्या ओढीने एक अमेरिकन माणूस आपली सगळी धावपळ सोडायला तयार झाला, तो आपल्या घरात अजून शिल्लक आहे का, ही काळजी मला त्या अभिमानापेक्षा मोठी वाटते.

तुमचं मत वेगळं असेल तर खुशाल भांडायला या. चहा मी टाकते. पण आधी 'इंडिया' ऐकून या, आणि पूर्ण!