रोजच्या पन्नास शिलिंगांचा हिशेब

दिवाळीनंतर आमच्या परिचयातील एका व्यापारी कुटुंबातील तरुण भेटीस आला होता. वडिलांचा विजेच्या साहित्याचा घाऊक व्यापार, आत्याचे सासर नैरोबीत. केनियात घरगुती सौरसंच विकावेत आणि त्यासाठी दुकानाची जागा तारण ठेवून कर्ज काढावे, असा त्याचा मानस होता. "काका, साठ कोटी लोक अंधारात आहेत. याहून मोठी बाजारपेठ कोठे मिळणार?" असा त्याचा प्रश्न.

आकडा खोटा नव्हे. २०२२ मध्ये जगातील सुमारे ६८.५ कोटी लोकांच्या घरी वीज नव्हती, आणि त्यांपैकी सुमारे ५७ कोटी सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत राहत होते. परंतु आयुष्यभर कर्जप्रकरणे वाचल्यामुळे मला एक सवय जडली आहे. गरज आणि मागणी हे दोन शब्द मी एका रकान्यात लिहीत नाही.

खेड्यातील केनियन कुटुंब दिव्यावर खर्च करीतच होते. 'दुका'तून (आपल्या 'दुकान' शब्दाचाच हा भाऊबंद) रोज थोडे रॉकेल आणावयाचे आणि मोबाइल चार्ज करण्यासाठी बाजाराच्या गावी पैसे मोजावयाचे. वर्षाचा हिशेब मांडला तर एका सौरसंचाची किंमत त्यातून निघाली असती. पण एवढी रक्कम एकदम हाती येत नसे. बँकेस त्या कुटुंबाकडे तारण दिसत नव्हते आणि रोजचे चाळीस-पन्नास शिलिंग गोळा करण्यास माणूस पाठवावा, तर त्याचा पगारही त्यातून सुटला नसता.

ही गाठ सोडविली ती मोबाइलने. सफारीकॉम कंपनीने २००७ मध्ये 'एम-पेसा' ही मोबाइलवरून पैसे पाठविण्याची सेवा सुरू केली. तिच्या आधाराने 'एम-कोपा' या कंपनीने २०१२ पासून हप्त्यावर संच विकण्यास आरंभ केला. छोटे पॅनेल, दोन-तीन दिवे, रेडिओ आणि मोबाइल चार्ज करण्याची सोय. सुरुवातीच्या योजनेत अग्रिम सुमारे तीन हजार शिलिंग, पुढे वर्षभर रोज चाळीस ते पन्नास. पन्नासाचा हप्ता धरला तर एकूण सव्वाएकवीस हजारांच्या घरात जातो. संचातच सिमकार्ड बसविलेले असते. हप्ता आला की दिवा चालू, चुकला की बंद. आम्ही बँकेत ज्यास नजरगहाण म्हणत असू, त्यात माल कर्जदाराकडे असे आणि आमचा हक्क केवळ कागदावर. येथे तारणच आपली वसुली स्वतः करते! मला या व्यवसायातील खरी कल्पकता पॅनेलपेक्षा येथे दिसते. पॅनेल काय, गेल्या दशकात त्याच्या किमती सुमारे नव्वद टक्क्यांनी उतरल्या; ते कोणीही आणील.

मात्र आपण विकतो दिवा आणि धंदा करतो उधारीचा, हे ज्यांनी ओळखले नाही त्यांची गत पाहावी. बर्लिनची 'मोबिसोल' कंपनी टांझानिया, रवांडा व केनियात नावाजलेली होती; तिने २०१९ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि पुढे एका फ्रेंच कंपनीने ती घेतली. या व्यवसायात माल आज द्यावा लागतो आणि पैसे वर्ष-दोन वर्षे थेंबाथेंबाने येतात. म्हणजे विक्री वाढेल तसे भांडवल अधिकच अडकते. त्यातच कर्ज डॉलरमध्ये आणि वसुली शिलिंगमध्ये. २०१२ मध्ये डॉलरला सुमारे ८५ शिलिंग पडत, २०२३ च्या अखेरीस दीडशेहून अधिक. ग्राहकाने एकही हप्ता न चुकविता व्यापारी बुडू शकतो, तो असा.

सरकारी धोरणाचाही भरवसा धरता येत नाही. केनियाने २०१३ मध्ये सौरसाहित्यावर मूल्यवर्धित कर बसविला आणि पुढील वर्षी मागे घेतला. २०२० मध्ये पुन्हा लावला आणि पुन्हा सूट दिली.

बांगलादेशाचा अनुभव तर मी त्या तरुणास दोनदा सांगितला. तेथे २००३ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने घरगुती सौरसंचांची योजना राबविली गेली. चाळीस लाखांहून अधिक संच बसले. एवढी यशस्वी योजना विरळाच. मग विजेच्या तारा खेड्यांत पोचू लागल्या, आणि काही भागांत सरकारने संच फुकटही वाटले. शेजारच्यास फुकट मिळालेल्या वस्तूचा हप्ता कोण भरतो? विक्री ओसरली, थकबाकी वाढली. २०२२ मध्ये त्या देशाने संपूर्ण विद्युतीकरण जाहीर केले. देशाच्या दृष्टीने ही आनंदाची गोष्ट. ज्यांच्या वह्यांत येणी होती त्यांच्या दृष्टीने नव्हे. केनियातही आज सुमारे तीन-चतुर्थांश लोकसंख्येस वीज मिळते. 'एम-कोपा'ने हे वेळीच ओळखले असावे; आज ती स्मार्टफोनही रोजच्या हप्त्यावर देते.

"मग जाऊच नये का?" तो थोडा हिरमुसला.

तसे मी म्हणणार नाही. दुकानदाराचा दिवा, सलूनची यंत्रे, शेताला पाणी देणारा सौरपंप यांस मागणी राहील, कारण त्यातून रोजची मिळकत होते आणि हप्ता त्या मिळकतीतून निघतो. तार आली तरी वीज टिकतेच असे नाही, हेही खरे. पण दुकानाच्या जागेवर कर्ज काढू नये, असे मी त्यास स्पष्ट सांगितले. प्रथम आत्याकडे तीन महिने राहावे, नैरोबीत न थांबता किसुमूकडील खेड्यांत हिंडावे. कोणत्या गावात तारा कोठवर आल्या आहेत ते डोळ्यांनी पाहावे आणि जुन्या विक्रेत्यांकडे विक्रीची नव्हे, वसुलीची वही मागावी.

त्याने वहीत हे टिपून घेतले. वडिलांशी बोलून जानेवारीचे तिकीट काढतो, असे म्हणाला. कर्जाचा अर्ज मात्र माझ्याच टेबलावर ठेवून गेला.