शहाण्यानेच ही पायरी चढावी

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये', ही म्हण मराठी मध्यमवर्गाने जणू कुलाचार म्हणून जपली आहे. भाऊबंदकीच्या आणि बांधाच्या भांडणांत पिढ्यान्‌पिढ्या बरबाद झालेली घरे पाहून समाजाने काढलेला तो निष्कर्ष होता आणि त्या संदर्भात तो रास्तही होता. परंतु रस्त्यावर दुसऱ्याच्या बेदरकारपणामुळे हात किंवा पाय गमावून बसलेल्या माणसालाही जेव्हा हीच म्हण ऐकवली जाते, तेव्हा शहाणपणाचे रूपांतर अन्यायात होते. 'जीव वाचला हे काय थोडे झाले?', 'नशिबात होते, भोगले', 'असले पैसे घरात आणू नयेत', असे रुग्णालयातील खाटेभोवती जमलेले आप्तेष्ट सद्‌भावनेनेच बोलतात. मात्र त्या खाटेवरील माणसाचा पुढच्या तीस वर्षांचा संसार कशावर चालणार, याचे उत्तर त्यांच्यापैकी कोणापाशीच नसते.

प्रश्न एखाददुसऱ्या घराचा नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघात झाले. त्यांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि ४ लाख ४३ हजार ३६६ जखमी झाली. मृतांची बातमी होते, जखमींची मात्र बातमीच्या शेवटी 'अन्य चौघे जखमी' एवढीच नोंद उरते. त्या चौघांपैकी एखादा पुन्हा कधीच कामावर जाणार नसतो, हे वाचणाऱ्याला कळत नाही.

भीक नव्हे, हक्क

नुकसानभरपाई मागणे म्हणजे दुर्दैवाचा बाजार मांडणे, ही समजूत प्रथम दूर झाली पाहिजे. दुसऱ्याला इजा करणाऱ्याने दंड तर भरावाच, शिवाय जखमी माणूस पूर्ववत होईपर्यंतचा खर्चही सोसावा, असा दंडक याज्ञवल्क्यस्मृतीत आहे. या खर्चासाठी तेथे 'समुत्थान' हा शब्द योजला आहे. समुत्थान म्हणजे पुन्हा उठून उभे राहणे! पडलेल्याला उभे करण्याची जबाबदारी पाडणाऱ्याची, इतका हा सरळ विचार आहे. त्यात लाज वाटण्यासारखे काय आहे?

आधुनिक कायदाही त्याच न्यायबुद्धीवर उभा आहे. अपघातग्रस्तांना दिवाणी दाव्याच्या चक्रात अडकावे लागू नये म्हणून १९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांची तरतूद झाली आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने ती अधिक व्यापक केली. प्रत्येक वाहनाला त्रयस्थ पक्षाचा विमा सक्तीचा आहे तो याचसाठी. 'त्या गरीब ड्रायव्हरला कशाला बुडवायचे?' असा कनवाळू प्रश्न अनेकदा विचारला जातो. परंतु विमा वैध असेल तर भरपाई विमा कंपनी देते, आणि ती ज्या निधीतून देते, तो कोट्यवधी वाहनधारकांनी वर्षानुवर्षे भरलेल्या हप्त्यांतून उभा राहिलेला असतो. त्या निधीवर पहिला अधिकार जखमीचाच आहे.

हात गेला, की हातातले काम गेले?

मृत्यूच्या दाव्यापेक्षा दुखापतीचा दावा अधिक गुंतागुंतीचा असतो. येथे औषधोपचाराच्या बिलांची बेरीज करून भागत नाही. बुडालेली मजुरी, पुढील शस्त्रक्रिया, सांभाळणाऱ्या माणसाचा खर्च, सोसलेल्या वेदना, गमावलेले जीवनसुख आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे कमी झालेली कमावण्याची क्षमता, या साऱ्यांचा स्वतंत्र हिशेब मांडावा लागतो.

सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये याबाबत अत्यंत मूलगामी विवेचन केले. डॉक्टरांनी प्रमाणपत्रात लिहिलेले अपंगत्व आणि कमाईच्या क्षमतेत झालेली घट या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे न्यायालयाने स्पष्ट केले. डावा हात गेलेला सुतार किंवा वाहनचालक जवळजवळ संपूर्ण उपजीविका गमावतो. तोच हात गेलेल्या सरकारी कारकुनाची नोकरी टिकली, तर त्याच्या कमाईत कदाचित काहीच घट होणार नाही. जखम एकच, नुकसान वेगळे.

हा फरक रुपयांत किती मोठा होतो, हे एका काल्पनिक उदाहरणावरून ध्यानी येईल. महिना १५ हजार रुपये मिळवणारा, स्वतंत्र व्यवसाय करणारा ३२ वर्षांचा वेल्डर घ्या. त्याचे वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजार. घटनापीठाच्या २०१७ च्या निर्णयानुसार भविष्यातील वाढीपोटी त्यात ४० टक्के मिळवले की २ लाख ५२ हजार होतात. २००९ च्या निर्णयातील कोष्टकाप्रमाणे ३१ ते ३५ या वयोगटाचा गुणक १६ आहे. प्रमाणपत्रातील २० टक्के अपंगत्व हेच कमाईतील नुकसान मानले, तर या सदरात ८ लाख ६ हजार ४०० रुपये येतात. पण त्या हाताने वेल्डिंगची निम्मी कामे यापुढे होणार नाहीत, असे पुराव्याने सिद्ध झाले, तर तीच रक्कम २० लाख १६ हजार होते. फरक १२ लाखांचा! आणि तो ठरतो उपचार करणाऱ्या डॉक्टरांची साक्ष झाली की नाही, कामाचे स्वरूप न्यायाधिकरणापुढे आले की नाही, यावर.

घर सांभाळणाऱ्या गृहिणीविषयी 'ती कुठे कमावते?' असा युक्तिवाद केला जातो. तिच्या श्रमाला निश्चित आर्थिक मूल्य आहे आणि भरपाई ठरवताना ते धरलेच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये पुन्हा बजावले. जी गोष्ट प्रत्येक घराला ठाऊक आहे, ती न्यायालयाला सांगावी लागली, हे समाजाला फारसे भूषणावह नाही.

कागद हरवतो, हक्क हरवतो

अपघातानंतर बहुतेक कुटुंबांची चूक पहिल्या आठवड्यातच होते. समोरचा गाडीमालक दहा-वीस हजार हातावर ठेवतो, 'पोलिसांत जाऊ नका' अशी गळ घालतो आणि भिडस्त स्वभावामुळे माणसे मान डोलावतात. सहा महिन्यांनी हाडाची दुसरी शस्त्रक्रिया निघते, तेव्हा तो गाडीमालक फोनही उचलत नाही. गुन्ह्याची नोंद नाही, घटनास्थळाचा पंचनामा नाही, रुग्णालयाच्या कागदांवर अपघाताचा उल्लेख नाही. मग दावा उभा राहणार कशावर?

वास्तविक कायद्याने वाट बरीच सुकर केली आहे. पोलिसांनी तीन महिन्यांच्या आत अपघाताचा अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो आणि तो अहवालच भरपाईचा अर्ज म्हणून धरता येतो. दावा अपघात घडला तेथेच करावा लागतो असे नाही. जखमी जेथे राहतो, तेथील न्यायाधिकरणातही तो दाखल होतो. नागपूरजवळ अपघात झालेल्या सांगलीच्या माणसाला नागपूरच्या खेपा घालाव्या लागत नाहीत. फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावाही येथे लागत नाही. गंभीर दुखापतीत चूक कोणाची हे सिद्ध न करता अडीच लाख रुपये मागता येतात. धडक देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही, तर गंभीर जखमीला ५० हजार रुपये देणारी योजना आहे. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या योजनेनुसार अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाखाच्या मर्यादेत विनारोकड उपचारही मिळतात.

मात्र कालमर्यादेचे भान हवे. १ एप्रिल २०२२ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने दाव्यासाठी सहा महिन्यांची मुदत घातली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले आणि केवळ मुदत उलटली म्हणून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. तथापि अंतरिम आदेशाच्या भरवशावर बसून राहणे, यात शहाणपण नाही.

दुसरी बाजू

हक्काची भाषा करताना कर्तव्याचा विसर पडता कामा नये. दुचाकीचा विमा 'पोलिसाला दाखवण्यापुरता' स्वस्तातला काढणाऱ्या कुटुंबप्रमुखाला बहुधा ठाऊक नसते, की केवळ त्रयस्थ पक्षाच्या विम्यात मागे बसलेल्या पत्नीला सामान्यतः संरक्षण मिळत नाही. अनेक जण तर विम्याचे नूतनीकरणही करत नाहीत. अशा वाहनाने कोणाला जायबंदी केले, तर भरपाई मालकाच्या घरादारावर येते आणि जखमीच्या हाती बहुधा काहीच लागत नाही. बनावट दाव्यांची कीडही आहेच. उत्तर प्रदेशातील अशा दाव्यांची सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये गंभीर दखल घेतली. खोटा दावा करणारा विमा कंपनीला लुबाडतो, हे खरेच. पण त्याहून अधिक तो उद्याच्या खऱ्या जखमीकडे संशयाने पाहायला लावतो.

आणि या साऱ्यावर कडी म्हणजे, मंजूर झालेली भरपाईही अनेकदा हक्कदारापर्यंत पोहोचत नाही. देशभरातील न्यायाधिकरणांत अशी शेकडो कोटी रुपयांची रक्कम कोणी न नेता पडून असल्याचे सर्वोच्च न्यायालयासमोर आले. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने दावेदारांच्या बँक खात्यांचा तपशील आरंभीच घेण्याचे निर्देश दिले. पत्ता बदललेला, वकील भेटत नाही, निकाल लागल्याचेच माहीत नाही, असा माणूस आपल्याच पैशाला पारखा होतो.

येथे शासनाचे हात जेथे संपतात, तेथून समाजाचे काम सुरू होते. अपघात झाल्यावर रक्त देण्यासाठी धावणारे तरुण गावोगावी आहेत आणि तो आपल्या समाजाचा खरा ठेवा आहे. जखमीला मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये, असे संरक्षणही आता कायद्याने दिले आहे. पण जखमी घरी आल्यावर त्याचे कागद जुळवणारा, पोलीस ठाण्यात सोबत जाणारा, चांगल्या वकिलाशी गाठ घालून देणारा आणि निकालानंतर पैसे खात्यात जमा झाले का हे विचारणारा माणूस दुर्मिळ आहे. रक्तदानाइतकेच हेही सेवाकार्य आहे. फक्त ते एका तासात आटोपत नाही, दोन-तीन वर्षे चिकाटीने करावे लागते.

पडलेल्याला उठवून रस्त्याच्या कडेला बसवणे ही माणुसकी झाली. तो पुन्हा स्वतःच्या पायांवर उभा राहीपर्यंत सोबत करणे, हे समुत्थान. त्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली, तर ती शहाण्यानेच चढावी आणि शेजाऱ्याने त्याचा हात धरावा.