घरी व्हॉल्व्ह ॲम्प बनवायचाय? सर्किट जुनं आहे, अडचणी आजच्या आहेत

मार्च २०२२ मध्ये रशियाने पाश्चात्त्य निर्बंधांना उत्तर म्हणून दोनशेहून जास्त प्रकारच्या वस्तूंची निर्यात थांबवली. त्या तडाख्यात एक अशी वस्तू सापडली, जी कधीच संग्रहालयात गेली असं बहुतेकांना वाटतं: व्हॅक्यूम ट्यूब, म्हणजे जुन्या रेडिओवाल्यांच्या भाषेत 'व्हॉल्व्ह'. सराटोव शहरातल्या एका कारखान्यात इलेक्ट्रो-हार्मोनिक्स, सोव्हटेक, टंग-सोल अशा अनेक ब्रँडचे व्हॉल्व्ह बनतात. काही आठवड्यांत परवानगी मिळाली आणि निर्यात पुन्हा सुरू झाली. पण तोवर जगभरच्या दुकानांतला साठा उचलला गेला होता आणि भाव चढले होते.

गिटारचा जुन्या पद्धतीचा ॲम्प घरी बनवू पाहणाऱ्यांना ही झळ थेट बसते. कारण गिटार ॲम्पमध्ये लागणारे व्हॉल्व्ह आज मुख्यतः तीनच देशांत बनतात: रशिया, चीन आणि स्लोव्हाकिया.

व्हॉल्व्ह करतो काय?

काचेच्या नळीतली हवा काढलेली असते. आत एक कॅथोड तापतो आणि त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. समोरची प्लेट त्यांना ओढून घेते. मधल्या जाळीवर, म्हणजे ग्रिडवर, गिटारचा इवलासा सिग्नल दिला की इलेक्ट्रॉनचा मोठा प्रवाह त्या तालावर कमीजास्त होतो. झालं ॲम्प्लिफिकेशन! १९४७ मध्ये ट्रान्झिस्टर आला आणि हेच काम छोट्या, थंड, स्वस्त तुकड्यात होऊ लागलं. तुमच्या फोनच्या चिपमध्ये असे अब्जावधी ट्रान्झिस्टर आहेत.

मग व्हॉल्व्ह अजून का टिकलाय? क्षमतेपेक्षा जास्त ताणला की तो बिघडतो, पण गोड बिघडतो. आवाजाची लाट एकदम कापली न जाता हळूहळू दबते आणि त्यातून जो भरीव, खरखरीत सूर निघतो तोच रॉक आणि ब्लूज गिटारचा ओळखीचा आवाज.

बनवायचं काय?

सुरुवात करणारे बहुतेक जण फेंडर कंपनीच्या १९५० च्या दशकातल्या 'चॅम्प'चं सर्किट निवडतात. त्यात तीनच व्हॉल्व्ह असतात: १२एएक्स७, ६व्ही६ आणि रेक्टिफायर म्हणून ५वाय३. ताकद साधारण पाच वॅट, पण एका खोलीला ती पुरून उरते. रेझिस्टर, कपॅसिटर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळतात. खरं घोडं अडतं ते व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मरपाशी.

भारत कुठे होता?

एकेकाळी आपल्याला व्हॉल्व्हसाठी बाहेर बघावं लागत नव्हतं. बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स, म्हणजे बेल, रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायची. ठाण्यात मर्फी रेडिओचा कारखाना होता. ट्रान्झिस्टर आल्यावर मागणी आटली आणि रेडिओच्या व्हॉल्व्हचं उत्पादन बंद झालं. तो निर्णय तेव्हा बरोबरच होता. पण एक गोष्ट लक्षात घ्या: व्हॉल्व्हचा नकाशा आजही कुणालाही मिळतो, तो बनवणारे हात मिळत नाहीत. निर्वात नळी सील करणं, कॅथोडवर लेप चढवणं हे कागदावरून शिकता येत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने सेमीकंडक्टरसाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यातलं सगळ्यात कठीण काम इमारत बांधणं नाही, असे हात तयार करणं आहे. व्हॉल्व्हची गोष्ट मला म्हणून महत्त्वाची वाटते.

रोहिणखेडकडे काय आहे?

बुलढाणा जिल्ह्यात, मोताळा तालुक्यातल्या आमच्या रोहिणखेड परिसरात विहिरीवरची मोटार जळणं ही नेहमीची बाब. त्यामुळे मोटार रिवाइंडिंग करणारा कारागीर हाकेच्या अंतरावर असतो. तांब्याची तार, वेढ्यांचा हिशेब, वार्निश हे सगळं त्याला येतं. पॉवर ट्रान्सफॉर्मर त्याच्या आवाक्यातला आहे, फक्त वेढ्यांच्या थरांमधलं इन्सुलेशन ३०० व्होल्टच्या पुढचं झेपणारं हवं. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जास्त नाजूक असतो. चॅम्पसारख्या एका आउटपुट व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये त्यातून सतत डीसी वाहतो, म्हणून पत्र्यांच्या गाभ्यात बारीक फट ठेवावी लागते, नाहीतर आवाज पातळ होतो.

दुसरा प्रश्न विजेचा. १२एएक्स७ आणि ६व्ही६ च्या हीटरला ६.३ व्होल्ट लागतात आणि साधारण दहा टक्के फरक चालतो. पंपांच्या वेळेत २३० चे १८० व्होल्ट झाले, तर हीटरला ४.९ च मिळतात. व्हॉल्व्ह नीट तापत नाही, आवाज मरतो. म्हणून ट्रान्सफॉर्मरला जास्तीचे टॅप काढून घ्या किंवा स्टॅबिलायझर लावा. अमेरिकन किटमधला १२० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर तर थेट आपल्या प्लगला लावायचाच नाही.

इथे चेष्टा नको

फोनची बॅटरी चार व्होल्टच्या आसपास असते, इथे ३०० च्या वर डीसी खेळतो. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये तो शिल्लक राहतो. हात घालण्याआधी कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामा करा आणि मीटरने मोजून बघा. आणखी एक: गिटारच्या तारा ॲम्पच्या चॅसीला जोडलेल्या असतात. जुन्या अमेरिकन नकाशांत दोन पिनचा प्लग दिसतो, तो जसाच्या तसा उतरवू नका. तीन पिनचाच लावा, आणि घरातली तिसरी पिन खरंच जमिनीला जोडलेली आहे का, ते वायरमनकडून तपासून घ्या. कितीतरी घरांत ती नुसती शोभेला असते. चॅसीत वीज उतरली आणि अर्थिंग नसलं, तर ती वाजवणाऱ्याच्या बोटांतून जाईल.

मग फोनच बरा नाही का?

आवाजच हवा असेल, तर हो. आज न्यूरल नेटवर्क खऱ्या ॲम्पचा आवाज ऐकून त्याची नक्कल शिकतं. न्यूरल ॲम्प मॉडेलर हे त्यासाठीचं सॉफ्टवेअर तर मोफत आणि ओपन सोर्स आहे. यूएसबी ऑडिओ इंटरफेस लावला की काम भागतं. फक्त अनेक ॲन्ड्रॉइड फोनवर तार छेडणं आणि आवाज येणं यात जाणवेल इतकी फट पडते, ती आधी तपासा.

पण त्या नक्कलेलाही शिकायला कुठेतरी एक खरा ॲम्प लागतोच. माझं मत विचाराल तर आधी फोनवर वाजवा, आवाज आवडला आणि सोल्डरिंगचा हात बसला की मगच चॅम्पला हात घाला. आणि ट्रान्सफॉर्मर बाहेरून मागवण्याआधी गावातल्या रिवाइंडिंगवाल्याला एकदा विचारा. त्याच्याकडचं ज्ञान अजून चालू आहे, ते वापरात राहिलं तरच टिकेल.