व्हिसा अडला तरी शिक्षण अडू नये

मे २०२५च्या अखेरीस अमेरिकेने विद्यार्थी-व्हिसाच्या नव्या मुलाखती थांबवल्या. जूनमध्ये त्या पुन्हा सुरू झाल्या. पण प्रवेशपत्र हातात असलेल्या मुलांनी मधले दिवस कसे काढले असतील! त्याआधी मार्चमध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने, ८० कोटी डॉलरचा सरकारी निधी गेल्यामुळे, दोन हजारांहून अधिक पदे रद्द केली. त्यांतली बहुतेक अमेरिकेबाहेरची होती. परदेशी करारांच्या फायली हाताळणाऱ्या आपण सगळ्यांनी ही दुसरी बातमी जास्त बारकाईने वाचायला हवी.

याच हॉपकिन्समधून १९८४ मध्ये सार्वजनिक आरोग्याची पदवी घेऊन डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग परतले आणि गडचिरोलीत ‘सर्च’ ही आरोग्यसंस्था उभी राहिली. तिथले एक साधन हातात घेऊन पाहावे: एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि ओवलेले मणी. बाळाचे दहा श्वास झाले, की दाई एक मणी सरकवते. वाळू संपायच्या आत शेवटचा मणी सरकला, तर न्यूमोनिया. पुढे ३९ गावांत घरोघरी नवजात बालसेवा दिली गेली, तेव्हा नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने ते छापले. बाल्टिमोरहून आलेली विद्या इथल्या दाईच्या बोटांत उतरली, म्हणून ती कुणा सरकारच्या लहरीवर राहिली नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीसाठी २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ झाले. खाणशिक्षणासाठी त्याने लॉईड्स मेटल्स ही खाणकंपनी आणि ऑस्ट्रेलियाचे कर्टिन विद्यापीठ यांच्याशी हात मिळवला आहे. गडचिरोलीतल्या सुरजागडच्या लोखंडावर इथल्याच पोरांनी अभियंता म्हणून उभे राहावे, ही इच्छा रास्तच. आमचा आग्रह अशा करारांच्या मसुद्यातल्या कलमांचा आहे. व्हिसा नाकारला, तर उरलेली सत्रे गडचिरोलीतच पूर्ण होतील का? तिथले श्रेयांक इथे धरले जातील का? प्रयोगशाळा आणि शिकवणारे इथे राहतील, की मुलेच तेवढी जातील? आणि खाणीइतकेच जंगल, बांबू, माडिया-गोंडी भाषा हे विषय करारात का नसावेत? जगाला शिकवण्यासारखे आपल्याकडे तेच तर आहे.

करारात गावाचा आवाजही हवा. गडचिरोलीतल्याच मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तो गावातल्या अभ्यासगटांच्या वर्षानुवर्षांच्या चर्चेतून. परदेशी संशोधक अशा गावात येणार असेल, तर कुलसचिवांनी सहीपूर्वी मसुदा ग्रामसभेत वाचून दाखवावा, गोंडीत, आणि गावाच्या होकारासाठी थांबावे.